पहिला ऑनलाइन गेम जॅम: पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडच्या आमच्या घरी जॅमच्या शनिवारी जेवणाच्या टेबलावर चार-पाच लॅपटॉप असतात आणि जेवण ओट्यापाशी उभ्यानं उरकलं जातं. तिथे येणारी पोरं आणि फोनवर विचारणारे नवखे लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. सोपे आधी, किचकट नंतर. उत्तर दुसरीकडे दिलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक घातला आहे.

१. गेम जॅम म्हणजे नेमकं काय? हॅकेथॉनसारखंच ना?

ठरलेल्या वेळात, बहुधा ऐनवेळी जाहीर होणाऱ्या थीमवर, एक छोटा गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचा. मग सगळ्यांनी एकमेकांचे गेम खेळायचे. हॅकेथॉनला परीक्षक असतात, स्टेजवर सादरीकरण असतं, बक्षिसाची रक्कम असते. बहुतेक ऑनलाइन जॅममध्ये यातलं काही नसतं. फी नाही, निवडचाचणी नाही, आणि नाव नोंदवून गेम दिलाच नाही तरी कोणी जाब विचारत नाही. गुण देणारे म्हणजे तुमच्यासारखेच भाग घेतलेले लोक (प्र. १४).

२. ताई, मला कोडिंग जेमतेम येतं. तरी भाग घेऊ का?

घ्या, पण एका अटीवर. जॅमच्या आधी एका रविवारी एवढंच करून बघा: एक चौकोन डावीकडे-उजवीकडे हलतो, वरून पडणारं काहीतरी वेचतो, वेचलं की आकडा वाढतो, वेळ संपली की खेळ संपतो आणि एक बटण दाबलं की पुन्हा सुरू होतो. हे जमलं की तुमची तयारी झाली. यातलं ‘पुन्हा सुरू होतो’ सोपं वाटतं, पण निम्मे लोक तिथेच अडकतात.

कोड अजिबात नको असेल तर जीडेव्हलप आहे, पर्याय निवडत पुढे सरकणाऱ्या गोष्टींसाठी ट्वाइन आहे, चिमुकल्या खोल्यांच्या गेमसाठी बिट्सी आहे. फक्त स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं साधन) येत असेल तरी चालतं. टर्बोवार्पच्या पॅकेजरनं स्क्रॅचचा प्रकल्प वेबवर चालणारा गेम होतो.

३. पहिला जॅम कोणता निवडू?

मोठी नावं आधी. लुडम डेअर २००२ साली सुरू झाला. त्यात ‘कॉम्पो’ म्हणजे एकट्यानं ४८ तासांत सगळं स्वतः करायचं, आणि ‘जॅम’ म्हणजे ७२ तास, टीम चालते. जीएमटीके जॅम, म्हणजे ‘गेम मेकर्स टूलकिट’ या यूट्यूब चॅनेलचा जॅम, २०१७ पासून इच डॉट आयओवर होतो (पुढे नुसतं ‘इच’: गेम चढवायची आणि जॅम भरवायची साइट). आधी ४८ तासांचा होता, २०२४ पासून ९६ तास मिळतात. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून दर जानेवारीत होतो आणि त्याचा जीव एकत्र जमून काम करण्यात आहे. जावास्क्रिप्ट येत असेल तर जेएस१३के बघा: १३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर, महिनाभर वेळ, पण झिप केलेला अख्खा गेम १३ किलोबाइटमध्ये बसला पाहिजे. एखाद्या फोटोलाही त्याहून जास्त जागा लागते.

नवख्यांना मी मात्र इचच्या कॅलेंडरवरचा आठवडाभराचा, शंभरच्या आत गेम येतील असा लहान जॅम सुचवते. तिथे तुमचा गेम खरोखर खेळला जातो आणि आयोजक स्वतः उत्तरं देतात. पहिल्याच वेळी जीएमटीकेत उतरलात तर हजारो गेमच्या ढिगात तुमचा शोधायला तुम्हालाच वेळ लागेल.

४. वेळ परदेशातली असते. पुण्यात नेमकं कधी सुरू होतं आणि कधी संपतं?

इचवर जॅमच्या पानावर उलटी मोजणी चालू असते. तीच खरी, बाकी सगळी गणितं चुकतात. तरी उदाहरण घ्या: ब्रिटनमधले संध्याकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. घड्याळ ते बदलतात, आपण नाही. गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

सुरुवात रात्री होणार असेल तर थीम वाचा, अंथरुणात पडून विचार करा आणि झोपा. पहिल्या रात्री जागून लिहिलेलं कोड दुसऱ्या दुपारी पुसलं जातं हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता घरी नियमच केलाय.

एक खास पुणेरी सूचना. जॅम लांब असेल तर मध्ये गुरुवार येतो का बघा. २०२५ चा जीएमटीके बुधवारी सुरू होऊन रविवारी संपला. गुरुवार म्हणजे आपल्याकडे दुरुस्तीचा वार: वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि नळाला पाणी असेलच असं नाही. लॅपटॉप आणि बादल्या, दोन्ही बुधवारी रात्री भरून ठेवा.

५. इंजिन कोणतं घेऊ? लॅपटॉप सहा वर्षं जुना आहे.

इंजिन म्हणजे गेम बांधायचं सॉफ्टवेअर. येत असेल ते घ्या. जॅमच्या दोन दिवसांत नवं इंजिन शिकायला घेणं म्हणजे लग्नाच्या दिवशी पुरणपोळी शिकायला बसणं.

काहीच येत नसेल तर गोडो. फुकट आणि मुक्तस्रोत आहे, डाउनलोड लहान आहे आणि इन्स्टॉल करायची भानगड नाही. प्रकल्प सुरू करताना रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) ‘कम्पॅटिबिलिटी’ निवडा. जुन्या लॅपटॉपला तो झेपतो आणि गोडो ४ मधून वेबवर गेम काढायला तोच लागतो. भाषा जीडीस्क्रिप्टच घ्या. सी शार्पमध्ये लिहिलेला गोडो ४ चा प्रकल्प वेबसाठी एक्सपोर्ट होत नाही आणि हे रविवारी संध्याकाळी कळलं तर रडू येतं. युनिटी येत असेल तर युनिटी, हरकत काहीच नाही.

६. आधीपासून काय तयार ठेवलं तर चालतं? जुनं कोड वापरणं ही फसवणूक आहे का?

बहुतेक जॅममध्ये मेनू, आवाजाची सोय, कॅमेरा असं सर्वसाधारण कोड आधीचं असलं तर चालतं. गेम मात्र नव्यानं केलेला हवा. लुडम डेअरच्या कॉम्पोत नियम कडक आहेत: चित्रं आणि आवाज त्या ४८ तासांतच, स्वतःच केलेले हवेत आणि सोर्स कोडही द्यावं लागतं. म्हणून नियमांचं पान आदल्या दिवशी पूर्ण वाचा. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: रिकामा प्रकल्प वेबसाठी एक्सपोर्ट करून इचवर एकदा चढवून बघा, खाजगी ठेवूनच. कारण प्र. १२ मध्ये आहे.

७. थीम जाहीर झाली की डोकं बंद पडतं. कल्पना कुठून आणायची?

पहिली सुचलेली कल्पना सगळ्यांनाच सुचलेली असते. २०२१ च्या जीएमटीकेची थीम होती ‘जॉइन्ड टुगेदर’, म्हणजे एकमेकांना जोडलेले. डोळ्यांसमोर लगेच काय आलं? दोरीनं बांधलेली दोन माणसं. बरोबर, सगळ्यांच्या तेच आलं. कागदावर दहा कल्पना लिहा, वरच्या तीन खोडा आणि उरलेल्यांत क्रियापद शोधा. गोष्ट, पात्रं, जग हे सगळं नंतर. खेळणारा बोटांनी काय करणार? ढकलणार, फिरवणार, सोडणार, लपवणार?

याच थीमवर सरावाला बसलेल्या एका मुलीनं काढलेलं सांगते. पेठेतला जुना वाडा, अरुंद जिना, आणि दोन माणसं लोखंडी कपाट वर चढवतायत. खालच्या माणसाला डाव्या हाताची बटणं, वरच्याला उजव्या हाताची. कपाट म्हणजे फक्त एक लांब आयत. जिन्याच्या वळणावर तो आयत अडकतो आणि दोघांना उलटसुलट सरकावं लागतं. वरून मालकीणबाई ओरडतात, “भिंतीचा रंग जाईल!” आणि खरचटलं की गुण जातात. पात्रं दोन, खोली एक, नियम एक. मालकीणबाईंचा आवाज सोडला तर गेम शनिवारी दुपारी उभा होता. जिना, पाट्या, दुपारी एक ते चार बंद असणारं दुकान, लक्ष्मी रस्त्यावरचं पार्किंग: आपल्या भोवतीचं घ्या. अंतराळयान बाकीचे करतातच.

८. गेम केवढा असावा? माझा दर वेळी अर्धवट राहतो.

पाच मिनिटांत संपेल एवढा. तीन मिनिटांचा झाला तरी चालेल.

माझ्या पहिल्या जॅमला बेत पाच किल्ल्यांचा होता, प्रत्येकावर वेगळा किल्लेदार. रविवारी दुपारी एक किल्ला होता आणि त्यालाही बाहेर पडायचा दरवाजा नव्हता, म्हणजे खेळणारा आत जाऊ शकत होता पण जिंकू शकत नव्हता. मी अंदाज घेताना चित्रांचे तास धरले होते. हरल्यावर काय होतं, जिंकल्यावर काय होतं, आवाज कमी कसा करायचा, याचे तास कोणीच धरत नाही.

४८ तासांचा जॅम असेल तर पहिल्या झोपेआधी किंवा उठल्यावर लगेच, राखाडी चौकोनांचा गेम हलायला हवा. शनिवारी जेवणापर्यंत सुरुवात, हार, जीत आणि पुन्हा सुरू हे चक्र पूर्ण हवं, कितीही कुरूप दिसो. या टप्प्यावर तो गेम मजेशीर नसेल तर चित्रांनी होणार नाही, नियम बदला. शनिवारी संध्याकाळी तो दुसऱ्या कोणाला तरी खेळायला द्या आणि स्वतः गप्प बसा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना एकदा बसवलं. त्यांनी बाणांची बटणं दाबली, काही हललं नाही, पुन्हा दाबली, मग चष्मा वर करून म्हणाल्या, “बंद पडलाय वाटतं.” गेम डब्ल्यू-ए-एस-डी या अक्षरांच्या बटणांवर चालत होता आणि तसं पडद्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडचा प्रत्येक गेम दोन्ही बटणांवर चालतो. रविवारी सकाळी चित्रं आणि आवाज. शेवटचे चार तास नवं काही घालायचं नाही.

अर्धवट राहिलं तरी द्या. एका खोलीचा, पण सुरू होऊन संपणारा गेम ‘अर्धवट’ नसतो. खोल्या किती ठरल्या होत्या ते फक्त तुम्हाला माहीत असतं.

९. एकट्यानं करू की टीम करू? कॉलेजचे आम्ही सहा जण आहोत.

पहिल्या वेळी एकट्यानं किंवा दोघांनी. सहा जणांत तीन जण वाट बघत बसतात आणि एक जण सगळं जोडत बसतो. सहाही जणांना यायचंच असेल तर तीन-तीनच्या दोन टीम करा. टीम केलीत तर पहिल्या तासात तीन गोष्टी ठरवा: कोणाच्या लॅपटॉपवरून शेवटचं एक्सपोर्ट होणार, फाइली कशा देवघेव करणार (गिट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळायचं साधन, येत असेल तर ते, पेनड्राइव्हवर ‘फायनल_नवं_खरंच_फायनल’ नको), आणि मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा. हक्कांचा प्रश्न १५ मध्ये आहे.

१०. चित्रं काढता येत नाहीत, संगीत येत नाही. नेटवरून घेतलं तर?

नियम परवानगी देत असतील तर घ्या, पण परवाना बघून. सीसी म्हणजे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ हे खुले परवाने. सीसी झिरो म्हणजे काहीही करा, नाव द्यायचीही सक्ती नाही; केनी या गेमसाठी चित्रं देणाऱ्या साइटवरची सगळी चित्रं अशी आहेत. सीसी बाय म्हणजे वापरा पण श्रेय द्या. एनसी असेल तर व्यापारी वापर चालत नाही, म्हणजे पुढे गेम विकायची वेळ आली की तो आवाज काढावा लागेल. फ्रीसाउंड या आवाजांच्या साइटवर हे तिन्ही प्रकार एकत्र मिळतात, तेव्हा शोधतानाच गाळणी लावा. गूगलवर सापडलेलं चित्र म्हणजे फुकट चित्र नव्हे.

टुणकन उडी, नाणं, स्फोट असल्या आवाजांसाठी एसएफएक्सआर किंवा त्याची ब्राउझरमध्ये चालणारी भावंडं वापरा. बटण दाबत राहायचं, आवडला की जतन करायचा. हे साधन जन्मलंच मुळी २००७ च्या एका लुडम डेअरसाठी, भाग घेणाऱ्यांना झटपट आवाज मिळावेत म्हणून. आणि तोंडानं आवाज काढायला लाजू नका. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये रेकॉर्डिंग ढोल-ताशाचा सराव सुरू व्हायच्या आधी उरका. आमच्या एका अंतराळातल्या नीरव शांततेत मागे चक्क ताशा वाजतोय.

११. गेम मराठीत करायचाय, पण अक्षरं तुटतात. काय करू?

हा प्रश्न आला की मला आनंद होतो, म्हणून जरा सविस्तर.

देवनागरीत अक्षरं एकामागोमाग नुसती मांडून चालत नाहीत. पहिली वेलांटी टंकताना नंतर येते पण दिसते आधी. जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. हे जुळवणारं काम इंजिनानं करावं लागतं. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये (मजकूर दाखवणारा भाग) ते आपोआप होत नाही. तिथे ‘किल्ला’ लिहिलं की वेलांटी क ला सोडून ल च्या डोक्यावर जाऊन बसते आणि पहिल्या ल चा पाय मोडलेला राहतो. गोडो ३ मध्येही हीच रड होती. गोडो ४ मध्ये मात्र हे जुळवणारं हार्फबझ आतच आहे, त्यामुळे मराठी व्यवस्थित दिसतं, पण फॉन्ट तुम्ही प्रकल्पात घातला तरच. तुमच्या संगणकावर नीट दिसलेला मजकूर वेबवर रिकामे चौकोन होऊन येतो, कारण ब्राउझरमधल्या गेमला तुमच्या संगणकातले फॉन्ट मिळत नाहीत.

फॉन्टसाठी नोटो सान्स देवनागरी किंवा तिरो देवनागरी मराठी घ्या. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत. दुसऱ्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत, आणि ते दिसलं की आजीसुद्धा ‘हा आपला वाटतो’ म्हणते. आदल्या दिवशी हे वाक्य टाकून बघा: ‘दुसऱ्या किल्ल्यावर श्रीमंतीचं चिन्ह’. यातला ऱ्य, ल्ल्य, श्री आणि न्ह नीट आले तर बाकी सगळं येतं.

युनिटीच वापरायचं असेल आणि शब्द थोडे असतील तर ते इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पीएनजी चित्र म्हणून घाला. जुगाड आहे, पण दोन दिवसांसाठी पुरतो. बाहेरच्यांना खेळता यावं म्हणून इंग्रजीचा पर्याय ठेवा, किंवा गेमच असा करा की वाचावं लागू नये.

१२. इचवर चढवला तर नुसता काळा पडदा दिसतो. माझ्याकडे चालत होता!

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. कारणं बहुधा पुढचीच.

झिप उघडल्यावर इंडेक्स डॉट एचटीएमएल ही फाइल लगेच दिसली पाहिजे, आतल्या फोल्डरमध्ये नको, आणि नाव नेमकं तेच हवं. माझ्या दुसऱ्या जॅमला मी फोल्डरवर उजवं क्लिक करून झिप केली, म्हणजे फोल्डरच्या आत फोल्डर. बारा मिनिटं उरली होती, हात कापत होते आणि चूक सापडली तेव्हा तीन. फोल्डरच्या आत जा, सगळ्या फाइली निवडा, मग झिप करा.

दुसरं कारण लहान-मोठी लिपी. विंडोजला मोठा ‘ए’ आणि छोटा ‘ए’ सारखेच, इचला वेगळे. कोडमध्ये एका लिपीत आणि फाइलीत दुसऱ्या लिपीत नाव असेल तर चित्र सापडत नाही. तिसरं, गोडो ४ मधून थ्रेड (एकाच वेळी अनेक कामं चालवायची सोय) चालू ठेवून एक्सपोर्ट केलं असेल तर इचच्या पानावर ‘शेअर्डअरेबफर’चा पर्याय चालू करावा लागतो, गोडो ४.३ पासून थ्रेडशिवाय एक्सपोर्ट करता येतं, तेच करा. युनिटीत कॉम्प्रेशनची चूक येत असेल तर ‘डीकॉम्प्रेशन फॉलबॅक’वर खूण करा. आणि झिपमध्ये हजारापेक्षा जास्त फाइली चालत नाहीत.

गेम दिसतो पण कडा कापल्या जातात? पानावरची रुंदी-उंची गेमच्या मापाशी जुळवा. आवाज येत नाही? खेळणाऱ्यानं क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नाही, म्हणून सुरुवातीला ‘खेळा’ असं बटण हवंच.

फक्त विंडोजची फाइल दिलीत तर खेळणारे खूप घटतात. अनोळखी माणसाची ईएक्सई कोण उघडेल? तुम्ही उघडाल?

१३. डेडलाइन चुकली, किंवा गेम देऊन झाल्यावर मोठा बग सापडला. आता?

शेवटच्या तासाची वाट बघू नका. शनिवारीच जे असेल ते सबमिट करा. मुदत संपेपर्यंत फाइल बदलता येते. तरी चुकलंच तर आयोजकांना लगेच, नम्रपणे, कारण सांगून लिहा. इचवर त्यांना उशिराच्या सबमिशनची लिंक देता येते. देतीलच असं नाही.

बगचं जॅमनुसार बदलतं. काही जॅम मतदानाच्या काळात फाइली बदलणं बंद करतात. काही ठिकाणी गेम सुरूच होत नसेल तर तेवढी दुरुस्ती चालते, पण नवी लेव्हल घातलेली चालत नाही. बंद असेल तर वर्णनात सरळ लिहा: ‘तिसऱ्या जिन्यावर अडकलात तर आर दाबा’.

१४. माझा गेम सातच जणांनी खेळला. रेटिंग कसं वाढवू?

दुसऱ्यांचे खेळा. रोज पाच-सहा गेम खेळून दोन ओळींची खरी प्रतिक्रिया लिहा. बरेच जण उलट येऊन तुमचा खेळतात, आणि इचच्या यादीत मत देणाऱ्यांचे गेम वर सरकतात. मतांच्या संख्येला अर्थ आहे. इचवर सगळ्या गेमच्या मतांचे आकडे ओळीनं लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यापेक्षा कमी मतं पडली तर गुण कापले जातात, आणि लुडम डेअरला क्रमांक मिळवायला किमान वीस मतं लागतात. ‘छान आहे, माझाही खेळा’ असं पंचवीस ठिकाणी चिकटवू नका. आणि मित्रांना खोटी खाती काढायला लावू नका. पकडले जातात आणि बाद होतात.

बोचरी प्रतिक्रिया आली तर एक दिवस उत्तर देऊ नका. तीन वेगवेगळ्या लोकांनी एकच तक्रार केली असेल तर ते बरोबर आहेत.

१५. जॅमचा गेम पुढे विकता येतो का? टीममध्ये हक्क कोणाचा?

बहुतेक जॅममध्ये गेम तुमचाच राहतो. ‘सुपरहॉट’ २०१३ च्या सात दिवसांच्या जॅममधून निघाला, ‘बाबा इज यू’ २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममधून, आणि तो पूर्ण होऊन बाजारात यायला २०१९ उजाडलं. मात्र एखादी कंपनी बक्षिसासह जॅम घेत असेल तर अटींमध्ये हक्क कोणाकडे जातात ते वाचा. टीममध्ये काही लिहून ठेवलं नसेल तर चित्रं काढणारीची चित्रं तिची, कोड लिहिणाऱ्याचं कोड त्याचं, आणि मग एकट्याला काहीच विकता येत नाही. व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहून सगळ्यांनी ‘मान्य’ म्हणणं हे काहीच नसण्यापेक्षा बरं.

१६. एआयनं काढलेली चित्रं किंवा कोड चालतं का?

जॅमगणिक वेगळं. जीएमटीकेनं २०२५ मध्ये जनरेटिव्ह एआयवर बंदी घातली. इचवर पान तयार करताना एआय वापरलं का हे विचारतात. खरं उत्तर द्या. माझं मत विचाराल तर पहिल्या जॅमला तुमच्या हातानं काढलेला वाकडा कावळा गुळगुळीत चित्रापेक्षा लोकांच्या जास्त लक्षात राहतो.

१७. एकच गेम दोन जॅमना देता येतो का?

इच तांत्रिकदृष्ट्या अडवत नाही. दोन्ही जॅम एकाच वेळी चालू असतील, दोघांच्या नियमांत मनाई नसेल आणि गेम दोन्हींच्या कालावधीत केलेला असेल तर चालतं. दोन थीम एका गेममध्ये बसवायचा खेळ काही जण मुद्दाम खेळतात. दोन्ही पानांवर तसं लिहून टाका. मागच्या महिन्याचा गेम नवं नाव लावून देणं मात्र नाही. एकानं तसं दिलं होतं, आणि खाली पहिली प्रतिक्रिया आली ती अशी: ‘हा मी गेल्या महिन्यात खेळलोय. दरवाजा अजून उघडत नाही.’